चौघांच्या बळाचा एक

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या भूमिका निभावण्याच्या खेळाच्या २०१४च्या नियमांत फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, पाचव्या लेव्हलला एका दमात दोन वार करतो, अकराव्याला तीन आणि थेट विसाव्याला चार. बाकीचे लढवय्ये दोनांवरच थांबतात. चपळाईचं बक्षीस वाटणारा हा चौथा वार मुळात आला तो डोकी मोजण्यातून.

१९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' आलं. टेबलावर छोटे सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळायचं हे पुस्तक, शेवटी ड्रॅगन-जादूगारांची पुरवणी जोडलेलं. त्यात 'हीरो' चार माणसांच्या बळानं लढे, 'सुपरहीरो' आठांच्या. मरणाचा हिशोबही तोच. हीरोला आडवं करायला एकाच फेरीत चार प्राणघातक वार बसावे लागत. तीन बसले तरी गडी उभाच! मला या एका नियमात अख्खा वीरपुरुष दिसतो. १९७४च्या पहिल्या 'डी अँड डी'त चौथ्या लेव्हलच्या लढवय्याची पदवी 'हीरो' होती आणि आठव्याची 'सुपरहीरो', ती 'चेनमेल'मधूनच आली.

१९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'नं या हिशोबाच्या दोन वाटा केल्या. एका हिट डायपेक्षाही (जीव मोजायच्या फाशापेक्षाही) कमी दमाच्या शत्रूंवर फायटरला लेव्हलइतके वार मिळत. दहाव्या लेव्हलचा फायटर गॉब्लिनांच्या घोळक्यात शिरला की फेरीला दहा वार. पण समोर ड्रॅगन असला, तर त्याच फायटरला दोन फेऱ्यांत तीनच. सैन्याला भारी पडणारा माणूस राक्षसापुढे माणूसच राहायचा.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीत घोळक्याची वाट बुजली. सोळाव्या लेव्हलला चार वार मिळू लागले, समोर कोणीही असो. फक्त प्रत्येक पुढचा वार पाचानं कच्चा. घोळका कापण्याचं काम 'ग्रेट क्लीव्ह' आणि 'व्हर्लविंड अ‍ॅटॅक' या फीट्सकडे, म्हणजे निवडून घ्यायच्या खास कौशल्यांकडे, गेलं. व्हर्लविंडसाठी तर आधी चार फीट्स घ्यावी लागत. जे आपसूक मिळायचं, ते आता निवडून कमवायचं!

२०१४मध्ये तो कच्चेपणा गेला, चार वार राहिले. माझ्या मते यात फायटरचा तोटाच झाला. ड्रॅगनवर चार घाव घालता येतात, पण चाळीस गॉब्लिनांपुढे तो एका दमात चौघांनाच पाडू शकतो. २०१४च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये एक ऐच्छिक नियम आहे: धडधाकट शत्रू एका घावात पडला, तर उरलेलं डॅमेज शेजारच्यावर जातं. तुमच्या टेबलावर वरच्या लेव्हलचा फायटर असेल, तर खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला तो नियम लावायला सांगा.