पंधरा वर्षांची नोंद

हृदयरोगावरील औषधाचा खरा गुण ठरविण्यास किती काळ लागतो? या प्रश्नाचे बोधप्रद उत्तर अमेरिकेतील ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या संशोधनाच्या इतिहासात सापडते. १९६६ साली आरंभ झालेल्या या प्रयोगात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ८,३४१ पुरुष त्रेपन्न केंद्रांतून सहभागी झाले. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविल्यास आयुष्य वाढते काय, हे पाहावयाचे होते. काहींना निरनिराळी औषधे, तर काहींना दिसण्यात तशीच पण औषधी गुण नसलेली प्लासिबो देण्यात आली. कोणाच्या वाट्यास काय यावे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले गेले.

स्त्रियांना हा विकार तुलनेने उशिरा गाठतो, म्हणून पुरुषांना इस्ट्रोजेन द्यावे, हा तर्क त्या काळी बिनतोड वाटत होता. प्रत्यक्षात अपायाची चिन्हे दिसू लागली आणि १९७० ते १९७३ या काळात त्याच्या दोन्ही मात्रा बंद कराव्या लागल्या. १९७५च्या अहवालानुसार क्लोफिब्रेट व नायसिन यांनीही एकूण मृत्यू घटले नव्हते.

पुढे १९८० साली एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध झाली. क्लोफिब्रेट नियमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले, अनियमितपणे घेणाऱ्यांपैकी जवळजवळ २५ टक्के. हे औषधाचेच यश, असे कोणीही म्हणाला असता. परंतु प्लासिबो नियमाने घेणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण १५ टक्केच होते. अनियमितांत मात्र २८ टक्के! म्हणजे फरक गोळीचा नव्हता, गोळी घेणाऱ्या माणसांचा होता. वय, प्रकृती आदी ज्ञात बाबी हिशेबात धरूनही तो पुरता उलगडला नाही.

रुग्णांचा मागोवा सरासरी पंधरा वर्षांपर्यंत घेतला गेला. १९८६ साली नायसिन गटातील मृत्यू प्लासिबोपेक्षा ११ टक्क्यांनी कमी आढळले आणि त्या औषधाचा दबदबा वाढला. तथापि स्टॅटिन औषधांच्या जोडीने नायसिन देऊन पाहिलेल्या २०११ व २०१४ सालच्या मोठ्या चाचण्यांत अधिकचा लाभ दिसला नाही.

म्हणून केवळ दीर्घकाळ नोंद ठेवणे पुरेसे नसते. तुलनेचा गटही तितक्याच निष्ठेने सांभाळावा लागतो. औषधाचा लाभ न मिळताही वर्षानुवर्षे तपासणीस येत राहिलेल्या त्या पुरुषांमुळेच एक खोटे यश वेळीच ओळखता आले. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे हे ऋण क्वचितच नोंदले जाते.