लॉटरीवर उभं राहिलेलं कलामंडलम

कथकळी पोसली राजेरजवाड्यांनी आणि जमीनदारांनी. त्यांचे वाडे खंक होऊ लागले तशा मंडळ्याही मोडल्या. गुरू होते, पण शिकणाऱ्या मुलांच्या पोटाचं काय? महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी तोडगा काढला लॉटरीचा. मुकुंद राजा या सहकाऱ्याला सोबत घेऊन तिकिटं खपवली आणि 1930 साली कुन्नमकुळमला केरळ कलामंडलम सुरू झालं. हे कवी तरुणपणीच बहिरे झालेले. कथकळीतल्या चेंडा या ढोलाचा गजर ज्यांच्या कानी पडत नव्हता त्यांनीच कथकळीसाठी पदर पसरला, याचं मला फारसं नवल वाटत नाही. या नाट्यात पात्रं बोलत नाहीत. सगळं बोलणं हातांचं आणि डोळ्यांचं.

काही वर्षांत संस्था भारतप्पुळा नदीकाठी चेरुतुरुत्तीला आली. पट्टिक्काम्तोडी रावुण्णी मेनन यांच्यासारखे कडक गुरू लाभले. इथली खरी पुंजी म्हणजे पावसाळ्यातली पहाट. उजाडण्याआधीच मुलं अंगभर तेल चोपडून उड्या मारतात, तूप घातलेले डोळे चहूकडे फिरवतात. मग जमिनीवर पालथं पडायचं आणि गुरूने वरून आधार धरून पायांनी अंग रगडायचं. कंबर, मांड्या मोकळ्या होतात त्या अशा. ताल धरायला लाकडी ठोकळा आणि काठी. असं वर्षानुवर्षं. इथून बाहेर पडलेला कलावंत संस्थेचंच नाव आपल्या नावाआधी लावतो: कलामंडलम कृष्णन नायर, कलामंडलम रामनकुट्टी नायर. आपल्याकडे गवई घराणं सांगतात, तसंच हे.

मोहिनीआट्टम या केरळच्या स्त्रीनृत्याचं दुखणं वेगळं होतं. ते बदनाम झालेलं. शिकवायला बाई मिळेना, शिकायला मुली येईनात. कलामंडलमचा वर्ग बंद पडला. 1950 मध्ये चिन्नम्मू अम्मांना आणून तो पुन्हा उभा केला. पुढे मुंबईच्या कनक रेळे यांनी याच चिन्नम्मू अम्मांचं नृत्य फिल्मवर टिपलं आणि त्यावरून अभ्यास मांडला.

1965 मध्ये कूडियाट्टम हे संस्कृत नाट्यही इथे आलं, 2006 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कथकळीचा नियमित वर्ग मात्र मुलींना बंदच होता. तृप्पुणित्तुराच्या बायकांनी 1975 मध्येच स्वतःची कथकळी मंडळी काढून भीम-दुःशासनसुद्धा रंगवले होते. कलामंडलमने मुलींना प्रवेश दिला तो 2021 मध्ये. इतका उशीर परंपरेच्या नावावर खपवता येत नाही.