पटरची कुळकथा

१७४४ साली स्कॉटलंडमधल्या लीथच्या गोल्फखेळाडूंनी १३ नियम लिहून काढले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने लिखित नियम. त्यांतला पहिलाच नियम असा, की पुढच्या होलसाठी चेंडू मांडायचा तो आधीच्या होलपासून एका काठीच्या अंतरात. म्हणजे एक होल संपायचं, त्याच जागेवरून पुढचं सुरू व्हायचं. चेंडू मांडायला चिमूटभर वाळू लागे आणि ती होलमधूनच उपसून घेत. त्यामुळे होल खोल होत जाई, कडा ढासळत. भोवतालचं गवत मेंढ्यांनी खाल्लेलं आणि बुटांनी तुडवलेलं.

पटिंगचा, म्हणजे चेंडू होलमध्ये घालण्याच्या शेवटच्या फटक्यांचा, जन्म या खडबडीत जमिनीवर झाला. ज्याला आपलं पटिंग सुधारायचं आहे त्यानं ही कुळकथा जरूर जाणून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. हाताचं तंत्र जमिनीनं घडवलं, हत्यारानं त्याला साथ दिली. मनाचं काम मात्र पहिल्यापासून खेळाडूकडेच राहिलं.

त्या काळचा पटर, म्हणजे पटिंगची काठी, लाकडाचा. डोकं लांबट आणि निमुळतं. पाठीमागे खोबण कोरून तीत शिसं ओतलेलं. जमिनीला घासणारी पुढची कड झिजू नये म्हणून तिथे शिंगाची पट्टी बसवलेली. सेंट अँड्रूजचा कारागीर ह्यू फिल्प याचे असे पटर संग्राहक आजही जपून ठेवतात. चेंडू म्हणजे चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत ठासून भरलेली पिसं. असा चेंडू असमान गवतातून सरळ घरंगळणं कठीणच. म्हणून खेळाडू मनगटानं झटका देऊन तो थोडा उचलत आणि मग धावू देत. आज शिक्षक मनगट मोडू नका म्हणून बजावतात, पण त्या जमिनीवर मनगटाशिवाय भागत नव्हतं.

जमीन बदलली ती ओल्ड टॉम मॉरिससारख्या माणसांमुळे. १८६५ पासून सेंट अँड्रूजच्या मैदानाची देखभाल त्याच्याकडे होती. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गवतावर, वाळूचा थर पसरला की गवत दाट येतं आणि उंचवटे भरून निघतात, हे त्यानं ओळखलं आणि आयुष्यभर वाळूचा आग्रह धरला. चेंडू मांडण्याच्या जागाही त्यानं ग्रीनपासून वेगळ्या केल्या. होलचं माप १८९१ मध्ये सव्वाचार इंच असं कायम झालं. मसलबरामध्ये १८२९ पासून होल पाडण्याचं जे यंत्र वापरात होतं, त्याचंच हे माप.

ग्रीन सपाट होत गेलं तसा झटक्याचा उपयोग सरला आणि चेंडू लोळवण्याची कला आली. मग हत्यारावर डोकं चालवणारेही पुढे आले. अमेरिकेत स्कनेक्टडी या गावी जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आर्थर नाइट यानं ॲल्युमिनियमचा पटर बनवला. त्याची दांडी डोक्याच्या टोकाला न बसवता मध्याजवळ बसवली होती. १९०४ ची ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा वॉल्टर ट्रॅव्हिस यानं या पटरनं जिंकली. ट्रॅव्हिसचे फटके आखूड. अंतिम सामन्यात समोर लांब फटक्यांसाठी ख्यातनाम असलेला टेड ब्लॅकवेल. तरी बाजी मारली पटिंगनं. पुढे १९१० मध्ये ब्रिटनच्या नियमकर्त्यांनी अशा पटरवर बंदी घातली आणि ती सुमारे चार दशकं टिकली.

त्यानंतरचं मोठं पाऊल कार्स्टन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याचं. तोही जनरल इलेक्ट्रिकमधलाच. चेंडू पटरच्या मध्यावर लागला नाही तर फेस, म्हणजे चेंडूला लागणारी पटरची बाजू, वळतो आणि दिशा चुकते, हा त्याचा प्रश्न. त्यानं साखरेचे चौकोनी खडे आणि आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून नमुना केला. वजन मध्ये न ठेवता दोन्ही टोकांना नेलं, तर डोकं सहजी वळत नाही, हे त्याला त्यात दिसलं. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या गॅरेजमध्ये त्यानं तसा पटर घडवला. चेंडूला लागताच तो ‘पिंग’ असा वाजे. तेच पुढे कंपनीचं नाव झालं. आजच्या बहुतेक पटरच्या पोटात हाच विचार आहे.

पण हात थरथरतो त्याचं काय? छोट्या पटच्या, म्हणजे पटरच्या फटक्याच्या, वेळी हाताला अचानक बसणाऱ्या झटक्याला गोल्फमध्ये ‘यिप्स’ म्हणतात. व्यावसायिक खेळाडू बर्नहार्ड लँगर त्यानं अनेकदा हैराण झाला, आणि तरीही १९८५ व १९९३ मध्ये त्यानं मास्टर्स स्पर्धा जिंकली. सॅम स्नीड तर दोन पायांमध्ये चेंडू घेऊन समोरून पट मारू लागला. १९६८ मध्ये नियमानं ते बंद केलं. पुढे पटरचं टोक पोटाला किंवा छातीला टेकवून खेळण्याची पद्धत रूढ झाली. २०१६ पासून तीही निषिद्ध झाली. हात मोकळे ठेवूनच पट मारायचा, हा नियमांचा कौल मला योग्य वाटतो. दडपणाखाली हात स्थिर ठेवणं हाच पटिंगचा गाभा आहे आणि तो कमवावा लागतो.

तो कमवायचा मार्ग या इतिहासातच आहे. ग्रीन गुळगुळीत आहे, तर मनगट शांत ठेवून खांद्यांनी पट मारा. चेंडू कोणत्या दिशेनं निघणार हे मुख्यतः लागण्याच्या क्षणी फेस कुठे रोखलेला आहे त्यावर ठरतं, म्हणून जवळच्या पटांवर फेसचा सराव करा. लांबच्या पटांवर वेगाचा करा. वेगात आलेला चेंडू होलच्या कडेला लागून बाहेर फेकला जातो, बेताच्या वेगाचा आत पडतो. मनासाठी नजर वापरा. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी दाखवून दिलं आहे, की तरबेज खेळाडूंची नजर फटक्याआधी चेंडूवरच्या एकाच ठिकाणी दोन-तीन सेकंद ठरते आणि फटक्यानंतरही क्षणभर तिथेच राहते. कच्च्या खेळाडूची नजर भिरभिरते.

आणि अपेक्षा खऱ्या ठेवा. आठ फुटांवरून अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिकही साधारण निम्मेच पट होलमध्ये घालतात. हे ज्याला ठाऊक आहे तो हुकलेल्या पटचं ओझं पुढच्या होलवर नेत नाही, आणि पुढचा पट मारताना त्याचे हात मोकळे राहतात.