आगोटीपूर्वीचे घर

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनदा डोळ्यांपुढे येतात. घरकामाचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. कारण त्याची नोंद कोणत्याही दप्तरात एकत्र सापडत नाही. परंतु कोकणातील जुन्या घराचे एक वर्ष नीट न्याहाळले, तर जमीन, जंगल, दळणवळण आणि सरकारी कायदे यांचे पडसाद माजघरापर्यंत कसे पोहोचत, ते ध्यानात येते. त्याचेच थोडे दिग्दर्शन येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात आगोट म्हणतात. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागे. त्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी घरात यावी लागे. पुढे नद्यांना पूर येत आणि किनाऱ्यावरील आगबोटीही पावसाळ्यात बंद राहत. म्हणून सरपण, गोवऱ्या, मीठ, सुकी मासळी आधीच भरावयाची. रातांबे फोडून त्यांच्या साली रसात भिजवून पुनःपुन्हा वाळवावयाच्या, तेव्हा आमसुले होत. फणसपोळी, सांडगे, पापड यांची वाळवणे अंगणात पडत. कावळे हाकणे हे मुलांचे काम आणि पापडाच्या लाट्या ही त्यांची मजुरी! पुढे पावसाची झड लागली की चुलीत भाजलेल्या आठळ्यांची गोडी काही निराळीच. हिवाळ्यात कुलाब्याकडे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात कोंबून पोपटी लावीत. ही सुखे लहान खरी. पण ती कामातूनच उगवत.

भाताच्या तरव्यासाठी राब भाजणे हे उन्हाळ्यातील मोठे काम. झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण आणि गवत जमिनीवर पसरून ते जाळीत. त्यामुळे तणाचे बी मरे व रोपे जोमाने वाढत. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर डहाळी तोडण्यावर निर्बंध आले आणि ठाणे जिल्ह्यात असंतोष माजला. मुंबई सरकारने १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. राबाचा प्रश्न त्या चौकशीतील एक प्रमुख प्रश्न होता. शेतकऱ्याच्या घरचे एक वार्षिक काम अशा रीतीने राज्यकारभाराचा विषय झाले.

छपराचीही हीच कथा. गवताचे अथवा नळीच्या कौलांचे घर दरवर्षी शाकारावे लागे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. पुढे ही चपटी मंगलोरी कौले किनाऱ्याने वर सरकत गेली आणि ज्यांना ती परवडली त्यांच्या घरचे शाकारणीचे कष्ट पुष्कळ हलके झाले.

'ज्यांना परवडली' हे शब्द आम्ही हेतुपुरस्सर योजिले आहेत. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत खोती होती. आपल्या घरावर छप्पर चढण्यापूर्वी अनेक कुळांना खोताच्या घरी वेठीला जावे लागे. एकाच्या अंगणातील निवांत आगोट दुसऱ्याच्या बिनमोल श्रमांवर उभी असे. चरी येथील शेतकऱ्यांचा दीर्घ संप १९३३ साली सुरू झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; आणि प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. घरातही श्रमांची वाटणी समान नव्हती. वाळवणांपासून राबाच्या शेणापर्यंत बहुतेक भार स्त्रियांच्या डोक्यावर असे आणि जमाखर्चाच्या वहीत त्याची एकही ओळ पडत नसे.

१९९८ पासून कोकण रेल्वे सलग धावू लागली. चार महिन्यांचा जुना एकांत राहिला नाही आणि तो परत यावा अशी इच्छा कोणी धरणार नाही. मात्र महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतून गावाकडची आमसुले अजून येतात आणि त्यांच्याबरोबर आठवणीही येतात. या आठवणींत केवळ गोडवा तेवढा उरू नये. मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांनी, विशेषतः भगिनींनी, आपापल्या घरची कामे महिनेवार लिहून ठेवावीत. आणि ती कोण करीत असे, कोणाच्या जमिनीवर व कोणत्या मोबदल्यात, हेही त्यात नमूद करावे. तेवढे झाले तरी दप्तरांतून सुटलेला इतिहास पुष्कळ अंशी हाती लागेल, असा आमचा विश्वास आहे.