वर्गाची पटसंख्या आणि विद्यापीठाचा क्रमांक

अमेरिकेत शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती सर्वप्रथम पडते ती तेथील विद्यापीठांची क्रमवारी. ‘यूएस न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या नियतकालिकाने अशी पहिली यादी १९८३ साली प्रसिद्ध केली. त्या वेळी पद्धत अगदी साधी होती. महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या अध्यक्षांना उत्तम संस्था कोणत्या असे विचारण्यात आले आणि त्यांच्या मतांवरून क्रम लावण्यात आला. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस यादी दरवर्षी निघू लागली आणि मतांच्या जोडीला आकडेवारी आली. नियतकालिकाचा नियमित छापील अंक २०१० साली बंद पडला; क्रमवारी मात्र चालूच राहिली, किंबहुना आज त्याची ओळख तेवढ्यावरच टिकून आहे. या आकडेवारीत अनेक वर्षे ज्याला मानाचे स्थान होते, असा एक घटक म्हणजे वर्गाची पटसंख्या. तो वरकरणी अत्यंत निरुपद्रवी वाटतो. पण विद्यापीठांच्या कारभारावर त्याने जो परिणाम घडवला, तो समजून घेण्याजोगा आहे.

लहान वर्ग म्हणजे चांगले अध्यापन, हे गृहीतक कोणालाही पटेल असेच आहे. पंधरा-वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्राध्यापकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक असते, निबंध बारकाईने तपासले जातात, मागच्या बाकावर लपण्याची सोय नसते. शंभर-सव्वाशेच्या तुकडीत शिकलेल्या आपल्याकडील पदवीधराला हे वर्णन स्वप्नवत वाटेल, हा भाग निराळा. क्रमवारी करणाऱ्यांनी या गृहीतकाला गुणांचे रूप दिले. शंभर गुणांच्या हिशेबात वर्गाच्या आकाराला एकूण ८ गुण होते. जुन्या पद्धतीत त्यांपैकी ६ गुण वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या वर्गांच्या टक्केवारीला, तर २ गुण पन्नास किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गांच्या टक्केवारीला होते. पहिली टक्केवारी जितकी जास्त तितके चांगले, दुसरी जितकी जास्त तितके वाईट. नंतर ही पद्धत पायऱ्यांची झाली. वीसच्या आतील वर्गाला सर्वाधिक श्रेय, २० ते २९ला त्याहून कमी, मग ३० ते ३९, ४० ते ४९, आणि पन्नास झाले की शून्य.

आठ गुण म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. परंतु यादीच्या मध्यभागी विद्यापीठे इतकी दाटीवाटीने उभी असतात की, एका गुणाच्या फरकाने क्रमांक बराच वरखाली होऊ शकतो. शिवाय इतर घटक सहजासहजी हलत नाहीत. जनमानसातील प्रतिष्ठा बदलायला पिढी जावी लागते, पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढायला सहा-सात वर्षे लागतात. वर्गाचा पट मात्र कुलसचिवांच्या कार्यालयात बसून एका सत्रात बदलता येतो.

तो कसा, हे एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका विभागात चार वर्ग आहेत. तीन वर्गांत प्रत्येकी २४ विद्यार्थी आणि चौथ्यात ४८, असे एकूण १२०. जुन्या पद्धतीने पाहिल्यास वीसच्या आतील वर्ग एकही नाही. आता पहिल्या तीन वर्गांतून पाच-पाच विद्यार्थी काढून चौथ्यात बसवले, तर तीन वर्ग १९चे होतात आणि चौथा ६३चा. विद्यार्थी तेवढेच, प्राध्यापक तेवढेच, खर्चही तेवढाच. पण लहान वर्गांचे प्रमाण शून्यावरून थेट ७५ टक्क्यांवर जाते. चौथा वर्ग पन्नासच्या पुढे गेल्याचा तोटा होतो खरा, पण त्या रकान्याला गुणच दोन. चौथ्या वर्गात आधीपासून बसलेल्या ४८ जणांचे काय झाले, याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

हे उदाहरण निव्वळ कागदी नाही. साउथ कॅरोलिना राज्यातील क्लेमसन या सार्वजनिक विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स बार्कर यांनी २००१ साली देशातील पहिल्या वीस सार्वजनिक विद्यापीठांत स्थान मिळवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या वेळी विद्यापीठ अशा संस्थांत ३८व्या क्रमांकावर होते. २००८ पर्यंत ते २२व्या क्रमांकावर आले. २००९ सालच्या जूनमध्ये विद्यापीठातील एक अधिकारी कॅथरीन वॉट यांनी संस्थात्मक संशोधकांच्या एका परिषदेत या चढाईची कहाणी जाहीरपणे सांगितली. ज्या वर्गांत वीस ते पंचवीस विद्यार्थी होते, तेथील पट अठरा-एकोणीसवर आणण्यात आला. जे वर्ग आधीच मोठे होते ते आणखी फुगू देण्यात आले. वॉट यांच्या सांगण्याचा रोख असा की, दोन-तीन विद्यार्थी इकडचे तिकडे केल्याने केवढा फरक पडतो, हे विद्यापीठाने ओळखले होते. विद्यापीठाने गैरहेतूचा आरोप नाकारला, आणि न्यायाने पाहिले तर यात खोटे असे काहीच नव्हते. वर्ग खरोखरच एकोणीसचे होते.

बॉस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाची कथा याच जातीची, पण अधिक मोठ्या पल्ल्याची. १९९६ साली रिचर्ड फ्रीलंड अध्यक्ष झाले तेव्हा हे खासगी विद्यापीठ १६२व्या क्रमांकावर होते. फ्रीलंड यांनी क्रमवारीचे सूत्र उलगडून त्यातील एकेका घटकावर काम सुरू केले. अनेक विषयांच्या वर्गांना १९ची कमाल मर्यादा घालण्यात आली, तसेच नवे प्राध्यापक नेमण्यात आले. २००६ साली ते पायउतार झाले तेव्हा विद्यापीठ ९८व्या क्रमांकावर आले होते. येथे केवळ विद्यार्थ्यांची हलवाहलव झाली नाही, पैसाही खर्च झाला, हे लक्षात घ्यायला हवे. ९५ विद्यार्थ्यांना तेवीस-चोवीसच्या हिशेबाने चार तुकड्या पुरतात, एकोणीसच्या हिशेबाने पाच लागतात. म्हणजे चार अध्यापकांच्या जागी पाच. ही पाचवी तुकडी कायम प्राध्यापक शिकवतो की तासिका तत्त्वावरचा, याला क्रमवारीत फारसे महत्त्व नव्हते. पूर्णवेळ अध्यापकांच्या प्रमाणाला जेमतेम एक गुण होता.

या मोजणीतील मूळ दोष असा की, ती वर्ग मोजते, विद्यार्थी मोजत नाही. समजा, दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत प्रत्येकी १८ विद्यार्थी आणि दहाव्यात ३३८, मिळून ५०० जागा. विद्यापीठ अभिमानाने सांगेल की आमचे ९० टक्के वर्ग लहान आहेत. ते खरेच आहे. परंतु पाचशेपैकी ३३८ जागा, म्हणजे दोनतृतीयांशाहून थोड्या अधिक, त्या एकाच सभागृहात आहेत. वर्गांची सरासरी काढली तर ती पन्नास भरते; मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला तुझ्या वर्गात किती जण आहेत, असे विचारून सरासरी काढली, तर उत्तर २३४ येते. प्राध्यापकाला दिसणारे विद्यापीठ आणि विद्यार्थ्याला दिसणारे विद्यापीठ यांत एवढे अंतर असू शकते. मोठ्या विद्यापीठांत अर्थशास्त्र, रसायनशास्त्र किंवा मानसशास्त्र यांचा प्रथम वर्षाचा परिचय वर्ग शेकडोंचा असतो, हे तर नित्याचेच आहे. त्याला जोडून साहाय्यक विद्यार्थ्यांनी घेतलेल्या लहान चर्चा-तुकड्या असतात, पण त्यांची नोंद उपतुकड्या म्हणून वेगळी ठेवण्याचा संकेत आहे. आणखी एक बाब म्हणजे ही आकडेवारी वर्षाच्या पहिल्या, म्हणजे शरदातील सत्राची असते. लहान चर्चासत्रे याच सत्रात ठेवून मोठी व्याख्याने वसंतात ढकलली, तरी आकडा सुधारतो.

मर्यादेभोवती खेळणे एक आणि आकडाच चुकीचा देणे दुसरे. या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत गाजलेले प्रकरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या क्रमवारीत ते दुसऱ्या क्रमांकावर, हार्वर्डच्या बरोबरीने होते. त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांना या यशाचे कौतुक वाटण्याऐवजी शंका आली. पदवी स्तरावरील ८२.५ टक्के वर्गांत वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतात, असे विद्यापीठाने कळवले होते. थॅडियस यांनी विद्यापीठाच्याच जाहीर वर्गसूचीतून एकेका वर्गाचा पट गोळा केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आपला हिशेब प्रसिद्ध केला. त्यांच्या मते खरे प्रमाण ६२.७ ते ६६.९ टक्क्यांच्या दरम्यान होते. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाने जुन्या पद्धतीने दिलेली माहिती सदोष असल्याचे मान्य केले आणि नवा आकडा जाहीर केला. तो होता ५७.१ टक्के, म्हणजे टीकाकाराच्या अंदाजापेक्षाही कमी! त्या वर्षीच्या यादीत कोलंबिया १८व्या क्रमांकावर घसरले. जून २०२३ मध्ये विद्यापीठाने पदवी स्तराच्या या क्रमवारीत यापुढे भाग न घेण्याचे ठरवले. विद्यार्थ्यांनी भरलेला दावा ९० लाख डॉलर देऊन मिटवण्याची तयारी त्याने २०२५ साली दर्शवली.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. एका वर्षात विद्यापीठ सोळा पायऱ्या खाली आले, पण त्या वर्षात तेथील एकही वर्ग मोठा झाला नव्हता. ग्रंथालय तेच, प्राध्यापक तेच. थॅडियस यांचा आक्षेपही केवळ आपल्या विद्यापीठापुरता नव्हता. ज्या माहितीची तपासणी कोणीच करत नाही, तिच्यावर उभी केलेली यादीच विश्वासार्ह नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मग वर्ग लहान असण्याला काही अर्थच नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाचे होईल. शालेय स्तरावर अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेला ‘स्टार’ प्रयोग प्रसिद्ध आहे. १३ ते १७ मुलांच्या वर्गांतील मुले २२ ते २५च्या वर्गांतील मुलांपेक्षा सरस ठरली. विद्यापीठ स्तरावरचा पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. बांदिएरा, लार्चिनेसे आणि रसूल या अर्थशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधील एका विद्यापीठाची आकडेवारी तपासून २०१० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात वर्ग मोठा झाल्याने गुण घटतात असे आढळले. पण हा परिणाम अगदी लहान आणि अगदी मोठ्या वर्गांत दिसला, मधल्या टप्प्यात पट वाढल्याने विशेष फरक पडला नाही. याचा अर्थ एकोणीस आणि एकवीस यांमध्ये अध्यापनाच्या दृष्टीने कोणतीही भिंत नाही. ती भिंत क्रमवारीने उभी केलेली होती. उलट शंभरचा वर्ग तीनशेचा झाला तर जी हानी होते, ती या क्रमवारीत कोठेच उमटत नव्हती, कारण पन्नासच्या पुढे सारे वर्ग सारखेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘यूएस न्यूज’ने वर्गसंख्येचा घटक सूत्रातून काढून टाकला. त्याबरोबर माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि सर्वोच्च पदवीधारक अध्यापकांचे प्रमाण हेही घटक गेले. अल्प उत्पन्न गटांतील विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत नेण्याच्या कामगिरीला अधिक महत्त्व मिळाले. या एकत्रित बदलाचा परिणाम तत्काळ दिसला. ट्युलेन ४४वरून ७३वर, वेक फॉरेस्ट २९वरून ४७वर, शिकागो सहावरून बारावर आणि व्हँडरबिल्ट तेरावरून अठरावर गेले. रटगर्स हे न्यू जर्सीचे सार्वजनिक विद्यापीठ ५५वरून ४०वर चढले. व्हँडरबिल्टच्या प्रमुखांनी या बदलावर जाहीर टीका केली. वरवर पाहता हा पराभूताचा त्रागा वाटेल, पण त्यात तथ्यही होते. ज्या संस्थांनी अनेक वर्षे पैसा ओतून खरोखरच लहान वर्ग राखले, त्यांची ती गुंतवणूक एका फटक्यात हिशेबाबाहेर गेली. मोजमाप सदोष होते. परंतु मोजली जाणारी वस्तू निरुपयोगी नव्हती. विद्यार्थी-अध्यापक गुणोत्तराला मात्र नव्या सूत्रातही ३ गुण ठेवण्यात आले. हे गुणोत्तर वर्गसंख्येची जागा घेऊ शकत नाही. सहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असला, तरी तो संशोधनात गुंतलेला असेल किंवा वर्षाकाठी एखादाच विषय शिकवत असेल, तर वर्ग मोठे राहूच शकतात.

आपल्याकडील राष्ट्रीय क्रमवारी, म्हणजे ‘एनआयआरएफ’, २०१६ पासून प्रसिद्ध होते. तिने वर्गाच्या पटाच्या वाटेला न जाता हे गुणोत्तरच स्वीकारले आणि त्यात नियमित अध्यापकांवर भर दिला. विद्यापीठांसाठी पंधरा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असेल तर पूर्ण गुण, आणि पन्नासांमागेही एक नसेल तर शून्य, असा तिचा हिशेब राहिला आहे. येथे विद्यार्थी इकडून तिकडे हलवून काही साधत नाही; अध्यापकच नेमावे लागतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ साली सर्वसाधारण यादीत ३७वे होते, ते २०२५ मध्ये ९१वर आले, तेव्हा झालेल्या चर्चेत प्राध्यापकांची रिक्त पदे हाच मुद्दा अग्रभागी होता. पदे मंजूर करणे व भरणे राज्य शासनाच्या अनुमतीवर अवलंबून असल्याने, ज्या गोष्टीचे गुण विद्यापीठ गमावते ती पूर्णतः त्याच्या हाती नसते, ही आपल्याकडची खास अडचण.

अमेरिकेतील विद्यापीठांचे अर्ज भरणाऱ्यांना वर्गसंख्येची माहिती आता क्रमवारीच्या गुणांत मिळणार नाही, पण ती नाहीशी झालेली नाही. बहुतेक विद्यापीठे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्याच्या ‘आय’ विभागात २ ते ९, १० ते १९ असे करत ५० ते ९९ आणि शंभर व त्याहून अधिक, अशा गटांत वर्गांची संख्या दिलेली असते. पहिले दोन रकाने विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ठळकपणे येतातच. शेवटचे दोन स्वतः उघडून पाहावे लागतात, आणि आपण निवडलेल्या विषयाचे प्रथम वर्षाचे वर्ग त्यांत मोडतात का, हे विभागाला पत्र लिहून विचारता येते.