मंदीतले मतदान : अमेरिकेच्या १९३० आणि १९३४ च्या मध्यावधी निवडणुका

‘मध्यावधी निवडणूक’ म्हटले की आपल्याला १९८० किंवा १९९९ आठवते. सरकार पडले, लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि पुन्हा मतदान आले. अमेरिकेत तसे नसते. तिथे राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची आणि प्रतिनिधिगृहाची दोन वर्षांची असते. त्यामुळे अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मधोमध, सम वर्षाच्या नोव्हेंबरात, प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी ठरलेल्या वेळी मतदान होतेच. अध्यक्ष जागेवर राहतो, पण त्याच्या कारभारावर लोक काय म्हणतात ते मतपेटीतून कळते.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्यानंतरच्या महामंदीत अशा तीन निवडणुका झाल्या : १९३०, १९३४ आणि १९३८. त्यातल्या पहिल्या दोघींविषयी आम्ही येथे सविस्तर लिहीत आहोत. मंदीत भाकरीसाठी दिलेले मत आणि सन्मानासाठी दिलेले मत एकमेकांसमोर कसे उभे राहते, हे त्या दोन निवडणुकांत स्पष्ट दिसते.

४ नोव्हेंबर १९३० ला मतदान झाले तेव्हा हर्बर्ट हूवर अध्यक्ष होते. मंदी सुरू होऊन वर्ष झाले होते, पण किती लोक बेकार आहेत हे सरकारलाही नक्की सांगता येत नव्हते. बेकारीची दरमहा मोजणी तेव्हा होतच नव्हती, ती १९४० मध्ये सुरू झाली. नंतरच्या अभ्यासकांनी १९३० ची सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास आणि १९३३ ची जवळपास २५ टक्के धरली आहे. (जे मोजले जात नाही त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही, हा अनुभव वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाचे अर्ज भरून घेताना आम्हालाही येतो.)

हूवर यांच्या रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहातील पन्नासहून अधिक जागा गमावल्या. तरी बहुमत नावापुरते शिल्लक राहिले : रिपब्लिकन २१८, डेमोक्रॅट २१६ आणि फार्मर-लेबर १. पुढचा भाग आज विचित्र वाटेल. निवडून आलेले सभागृह तब्बल तेरा महिन्यांनी, डिसेंबर १९३१ मध्ये भरायचे होते. मधल्या काळात सभापती निकोलस लाँगवर्थ यांच्यासह डझनाहून अधिक सदस्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकांत पारडे फिरले आणि अधिवेशन सुरू झाले तेव्हा टेक्सासचे डेमोक्रॅट जॉन नान्स गार्नर सभापती झाले. लोक कामावरून निघत होते, बँका बुडत होत्या आणि लोकांनी निवडलेले सभागृह वर्षभर भरतच नव्हते. हा दोष १९३३ मध्ये विसाव्या घटनादुरुस्तीने दूर केला. नवे सभागृह निवडणुकीनंतर दोन महिन्यांत, ३ जानेवारीला भरू लागले.

पण १९३० चे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रकरण त्या मार्च महिन्यात सुरू होते. हूवर यांनी नॉर्थ कॅरोलिनाचे न्यायाधीश जॉन पार्कर यांना सर्वोच्च न्यायालयासाठी नेमले. १९२० मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक लढवताना पार्कर यांनी, कृष्णवर्णीयांचा राजकारणातील सहभाग दोन्ही वंशांना घातक आहे, अशा अर्थाचे विधान केले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने ते शोधून काढले आणि देशभर मोहीम उघडली. कामगार संघटनांचाही पार्कर यांना विरोध होता. ‘युनियनमध्ये जाणार नाही’ असे कामगाराकडून लिहून घेणाऱ्या करारांना त्यांच्या एका निकालाने बळ दिले होते. ७ मे १९३० ला सिनेटने ४१ विरुद्ध ३९ मतांनी ही नेमणूक फेटाळली.

संघटना तिथे थांबली नाही. पार्कर यांच्या बाजूने मत देणाऱ्या सिनेटरांपैकी जे नोव्हेंबरात उभे होते आणि ज्यांच्या राज्यात कृष्णवर्णीयांना मत देता येत होते, त्यांच्याविरुद्ध तिने प्रचार केला. ओहायोत रॉस्को मॅक्युलॉक आणि कॅन्ससमध्ये हेन्री ॲलन पडले. केवळ याच मतांमुळे ते पडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, मंदीची लाट होतीच. पण लिंकनच्या पक्षाला ही मते गृहीत धरता येणार नाहीत, हे त्या निकालाने दाखवले. मार्च १९३२ मध्ये नॉरिस-लाग्वार्डिया कायद्याने ते कामगारविरोधी करारही निष्प्रभ केले.

१९३२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदी निवडून आले आणि पुढच्या वर्षी ‘न्यू डील’च्या योजना सुरू झाल्या. १९३३-३४ च्या हिवाळ्यात एका तात्पुरत्या योजनेने सुमारे ४० लाख लोकांना रस्ते, शाळा, गटारांच्या कामावर घेतले. बेकारी अजून वीस टक्क्यांच्या वर होती, पण घरात मजुरी येऊ लागली होती. मध्यावधीत अध्यक्षाच्या पक्षाच्या जागा घटतात असा तिथला नेहमीचा अनुभव आहे. ६ नोव्हेंबर १९३४ ला उलटे घडले. डेमोक्रॅटांच्या प्रतिनिधिगृहातील जागा ३१३ वरून ३२२ झाल्या आणि सिनेटमध्ये नऊ जागा वाढून त्या ६९ वर गेल्या.

त्याच दिवशी शिकागोच्या दक्षिण भागात एक वेगळी लढत झाली. तिथले खासदार ऑस्कर डी प्रीस्ट हे १९२८ मध्ये निवडून आलेले रिपब्लिकन. १९०१ पासून काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता, तो खंड त्यांनी मोडला होता. १९३४ मध्येच संसदेच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना जेवण नाकारले जाते म्हणून त्यांनी सभागृहात लढा दिला. चवदार तळ्याच्या वाचकांना या लढ्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पण केंद्राने बेकारांना थेट मदत द्यावी, याला मात्र डी प्रीस्ट यांचा विरोध होता. त्यांच्यासमोर आर्थर मिचेल हे कृष्णवर्णीय डेमोक्रॅट ‘न्यू डील’च्या बाजूने उभे राहिले आणि सुमारे तीन हजार मतांनी जिंकले. काँग्रेसमधील ते पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट.

मतदारांनी सन्मान विकला का? आम्हाला तसे वाटत नाही. ज्याच्या घरी चूल थंड आहे त्याला कोणते मत स्वाभिमानाचे हे बाहेरून सांगणे सोपे असते. तरीही या निवडीची किंमत होती. मिचेल पक्षशिस्तीत राहिले, आणि झुंडबळीविरुद्ध त्यांनी आणलेले विधेयक इतके सौम्य होते की एनएएसीपीनेच त्याला विरोध केला. दुसरीकडे, रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या डब्यातून त्यांना उठवले गेले तेव्हा तेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९४१ मध्ये खटला जिंकले. म्हणजे माणूस साधा हुजऱ्या नव्हता.

दक्षिणेकडील राज्यांत तर निवडीचा प्रश्नच नव्हता. मतदानकर, साक्षरता चाचणी आणि फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या पक्षांतर्गत निवडणुका यांमुळे बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार यादीबाहेर होते. उत्तरेतल्या काही राज्यांतही सरकारी मदतीवर जगणाऱ्या ‘कंगालां’ना मताधिकार नाकारणाऱ्या तरतुदी होत्या, म्हणजे मंदीने ज्याला सर्वांत जास्त मारले त्याचेच मत जायचे. मतदानाला अकरा दिवस असताना, २६ ऑक्टोबर १९३४ ला, फ्लोरिडात क्लॉड नील या तरुणाला शेजारच्या अलाबामातील तुरुंगातून पळवून आणून जमावाने ठार केले. झुंडबळीविरोधी कॉस्टिगन-वॅग्नर विधेयक काँग्रेसपुढे होते, पण रूझवेल्ट यांनी त्यामागे आपले वजन टाकले नाही. दक्षिणेतले डेमोक्रॅट वर्षानुवर्षे बिनविरोध निवडून येत आणि ज्येष्ठतेच्या जोरावर समित्यांचे अध्यक्ष होत. त्यांना दुखावले तर मदतीची विधेयके अडतील, हा हिशेब होता. १९३५ मध्ये दक्षिणेच्या सिनेटरांनी लांबलचक भाषणे करून ते विधेयक मारले.

१९३४ च्या बहुमतातूनच जुलै १९३५ चा वॅग्नर कामगार कायदा आणि ऑगस्ट १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला. वृद्धांना निवृत्तिवेतन, बेकारांना विमा. अमेरिकेतल्या गरिबाचे आयुष्य त्याने बदलले यात शंका नाही. मात्र या दोन्ही कायद्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. देशातले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय कामगार नेमक्या याच दोन कामांत होते. कायद्याच्या मजकुरात वंशाचा एक शब्दही नाही. का वगळले यावर अभ्यासकांत वाद आहे. काही जण दक्षिणेच्या समिती-अध्यक्षांकडे बोट दाखवतात, काही जण अशा कामगारांकडून वर्गणी गोळा करण्याची प्रशासकीय अडचण सांगतात. आमचे मत पहिल्या बाजूला झुकते. अडचण खरी असली तरी ती दूर करण्याची घाई कोणालाच नव्हती, कारण ज्यांचे नुकसान होत होते त्यांच्यातल्या बहुतेकांकडे मत नव्हते.

१९३७ मध्ये सरकारी खर्च आवरता घेतला गेला, पुन्हा घसरण झाली आणि १९३८ च्या मध्यावधीत डेमोक्रॅटांनी सत्तरहून अधिक जागा गमावल्या. नव्या योजनांचा जोर तिथे ओसरला. वगळलेल्या शेतमजुरांना आणि घरकामगारांना सामाजिक सुरक्षेत येण्यासाठी १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांपर्यंत थांबावे लागले.