ऑनलाइन गेम अचानक उघडेनासा झालाय? कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

कालपर्यंत व्यवस्थित चालणारा गेम आज लोडिंगच्या गोल चक्रावर अडकून बसतो. मुलं वैतागतात. घरातलं कोणी सांगतं, "काढून परत टाक." कोणी म्हणतं, "फॉरमॅटच मारून घे." आणि मुलगा तोवर कुठल्यातरी व्हिडिओखालच्या लिंकवरून गेम 'फिक्स' करणारी फाइल उतरवून मोकळा झालेला असतो.

आपल्याकडे बहुतेक घरांत एकच कॉम्प्युटर असतो. त्याच्यावर मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट असतो, अब्बांच्या दुकानाचा हिशेब असतो, लग्नाचे फोटो असतात, बँकेचा पासवर्डही साठवलेला असतो. म्हणून गेम बंद पडण्यापेक्षा तो घाईघाईने दुरुस्त करण्यातच जास्त नुकसान होतं.

बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: गेम कंपनीच्या सर्व्हरवर, घरच्या इंटरनेटमध्ये किंवा आपल्या कॉम्प्युटरमध्ये. आधी तो कुठे आहे ते ओळखायचं, मगच हात लावायचा. पुढचा क्रम त्याच हिशेबाने दिला आहे. सुरुवातीच्या पायऱ्यांत काहीच पुसलं जात नाही, पुसायची कामं शेवटी येतात.

स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा

गेम कुठे अडकतो? सुरूच होत नाही, अर्ध्यावर थांबतो की लॉगिनला अडतो? एखादा एरर कोड दिसत असेल तर मोबाईलने त्याचा फोटो काढा. तो कोड गेम कंपनीच्या मदत विभागात शोधला तर बरेचदा नेमकं कारण मिळतं. अलीकडे काय बदललं तेही आठवा: विंडोज अपडेट झालं का, नवीन अँटीव्हायरस टाकला का, राउटर बदलला का?

सगळ्यांचाच बंद आहे का?

मित्राला फोन करून विचारा, "तुझा चालतोय का?" हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यानंतर गेम कंपनीचं अधिकृत संकेतस्थळ पाहा. मोठ्या कंपन्या सर्व्हरची स्थिती दाखवणारं वेगळं पान ठेवतात.

रोब्लॉक्स हा मुलांचा आवडता गेम २८ ते ३१ ऑक्टोबर २०२१ या काळात जगभर सुमारे ७३ तास बंद होता. दोष कंपनीच्या यंत्रणेत होता. त्या तीन दिवसांत कोणी दहा वेळा गेम काढून टाकला असता तरी काही उपयोग झाला नसता. काही वेळा तर बिघाडही नसतो, ठरलेली देखभाल चालू असते. स्टीमची नेहमीची देखभाल अमेरिकेतल्या मंगळवारी होते. आपल्याकडे तेव्हा बुधवारची पहाट असते. अशा वेळी थांबणं हाच इलाज.

इंटरनेटची परीक्षा

बाकीच्या साइट चालतात पण गेम चालत नाही, असं असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून कॉम्प्युटर त्याला जोडा. हॉटस्पॉटवर गेम चालला तर दोष घरच्या वाय-फायचा किंवा केबलवाल्याच्या जोडणीचा आहे. राउटरचा प्लग काढून अर्धा मिनिट थांबा आणि परत लावा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, बरेच गेम व्हीपीएनवरून आलेली जोडणी अडवतात. हॉटस्पॉटवरही गेम तसाच अडला तर पुढे जा. एक लक्षात ठेवा: हॉटस्पॉटवर मोठं अपडेट सुरू झालं तर दिवसाचा डेटा बघता बघता संपेल.

तारीख आणि वेळ

ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. कॉम्प्युटरची तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होतच नाही, कारण सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत तारखेवरूनच तपासली जाते. जुन्या डेस्कटॉपमध्ये वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. याचं कारण मदरबोर्डवरची संपलेली छोटी गोल बॅटरी. बहुतेक ठिकाणी ती सीआर २०३२ या नंबरची, ३ व्होल्टची असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते. सेटिंगमध्ये वेळ 'ऑटोमॅटिक' करा. रोज चुकत असेल तर बॅटरी बदलून घ्या.

ब्राउझरमध्ये चालणारा गेम

आधी कंट्रोल आणि एफ५ ही बटणं एकत्र दाबून पान ताजं करा. नाही जमलं तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि तिथे गेम लावून पाहा. तिथे चालला तर दोष साठलेल्या जुन्या फाइल्सचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा आहे. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन हा यातला नेहमीचा गुन्हेगार. एकेक बंद करून पाहा.

इन्कॉग्निटोमध्ये गेम पहिल्या लेव्हलपासून सुरू झाला तर घाबरू नका. प्रगती नेहमीच्या विंडोत शाबूत आहे. मात्र खातं न उघडता 'गेस्ट' म्हणून खेळत असाल तर ती प्रगती बहुधा ब्राउझरमध्येच साठलेली असते. अशा वेळी साइटचा डेटा आणि कुकीज पुसल्या तर महिन्यांची मेहनत गेली म्हणून समजा, ती परत येत नाही. पुसायचंच असेल तर फक्त 'कॅश' पुसा. साठवलेल्या पासवर्डवर टिक लावू नका.

डाउनलोड केलेला गेम

आधी सी ड्राइव्हवर जागा आहे का पाहा. जागा भरली की अपडेट अर्धवट राहतं आणि गेम अडतो. जागा असेल तर गेम काढून टाकण्याऐवजी त्याच्या फाइल्स तपासून घ्या. स्टीममध्ये गेमच्या नावावर उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे इन्स्टॉल्ड फाइल्समध्ये व्हेरिफाय करण्याचा पर्याय आहे. एपिकमध्ये गेमच्या तीन टिंबांमागे मॅनेज आणि त्यात व्हेरिफाय असतं. यात फक्त खराब झालेल्या फाइल्स नव्याने येतात, पूर्ण गेम परत उतरवावा लागत नाही.

अपडेटनंतर लगेच गेम बंद पडला असेल तर विंडोज सिक्युरिटीमधली 'प्रोटेक्शन हिस्टरी' बघा. अँटीव्हायरसने एखादी फाइल अडवलेली असू शकते. गेम अधिकृत दुकानातून घेतलेला असेल तरच त्या फाइलला परवानगी द्यायचा विचार करा. 'क्रॅक' केलेल्या गेमच्या बाबतीत तो इशारा खरा धरा.

स्क्रीन काळी राहत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर नवा करा, तोही एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून. कॉम्प्युटर जुना असेल तर कारण वेगळंही असू शकतं. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ चा आधार थांबवला आहे. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू लागतं. ही सेटिंग बायोसमध्ये असते. माहिती नसेल तर तिथे हात घालू नका, जाणकाराला दाखवा.

लॉगिनवर अडकला तर

बरेचदा गेम ठीक असतो, खातंच उघडत नाही. दुबई-कतारला असलेल्या चुलतभावाने खातं काढून दिलेलं असतं. नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन करताना कोड त्याच्या ईमेलवर जातो आणि इथे मुलगा वाट बघत बसतो. त्याच्याशी बोलून घ्या आणि खातं ज्याचं त्याच्या ईमेलवर करून ठेवा.

गेमच बंद झाला असेल तर

काही गेम कितीही प्रयत्न केले तरी उघडणार नाहीत. ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशचे गेम अडवले. फेसबुकवरचं जुनं फार्मव्हिल त्याच ३१ डिसेंबरला बंद झालं. त्यामुळे आज कुठेही 'फ्लॅश प्लेअर अपडेट करा' असं दिसलं तर ती फसवणूक समजा. पबजी मोबाईलवर भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर इथल्या खेळाडूंसाठी बंद झाले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, त्यानंतर अनेक ॲपनी असे खेळ थांबवले. त्यात पैसे अडकले असतील तर ते ॲपमधल्या अधिकृत पर्यायानेच काढा. "आधी फी भरा, मग पैसे सोडतो" म्हणणारा माणूस ठग आहे.

या चार गोष्टी करू नका

१. अँटीव्हायरस बंद करायला सांगणारी कुठलीही फाइल उतरवू नका. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम 'गेम फिक्स' आणि 'फुकट कॉइन'च्या नावाखालीच येतात.

२. मदत करतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला एनीडेस्कसारख्या ॲपमधून कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका.

३. ओटीपी कोणालाही सांगू नका, गेम कंपनीचं नाव सांगणाऱ्यालाही नाही.

४. फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय फॉरमॅट करू देऊ नका.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त.

अम्मी-अब्बूंना एक सांगणं: मुलाने "मी एक फाइल टाकली" असं कबूल केलं तर त्या क्षणी रागावू नका. आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या मोबाईलवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, कॉम्प्युटर अँटीव्हायरसने तपासा. ओरड्याच्या भीतीने मुलाने गोष्ट लपवली तर आठवड्याने ती तुम्हाला बँकेच्या मेसेजमधूनच कळेल.